चेहऱ्यावरचं साध्य आणि याप्य

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरांत वांगावरचा पहिला उपाय सहाणेवर होतो. जायफळ दुधात उगाळायचं, तो तपकिरी लेप गालावरच्या डागांवर लावायचा आणि वाळला की धुवायचा. आजी सांगते, आत्या सांगते, शेजारच्या काकूही सांगतात. डाग हलत नाहीत. मग कुणीतरी एका ट्यूबचं नाव सुचवतं, औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळून जाते आणि पंधरा-वीस दिवसांत चेहरा असा उजळतो की लग्नाकार्यात भेटलेल्या बायका नाव विचारून घेतात. एक ट्यूब संपते, दुसरी येते. काही महिन्यांनी नाकपुड्यांच्या कडेला आणि गालाच्या उंचवट्यावर सुतासारख्या बारीक लाल रेषा उमटतात. घाबरून ट्यूब बंद केली की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो आणि वांग पहिल्यापेक्षा गडद होऊन परत येतं.

असे चेहरे त्वचारोगतज्ज्ञांना नवे नाहीत. ट्यूबमधल्या मिश्रणाचं मूळ १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलेल्या सूत्रात आहे: डाग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि जळजळ दाबणारं स्टेरॉइड. डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक आठवडे वापरलं तर ते वांगावरचं उपयोगी औषध आहे. महिनोन्‌महिने चोपडलं तर स्टेरॉइडने कातडी पातळ होते, तिच्याखालच्या केशवाहिन्या रुंदावतात आणि वरून दिसू लागतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या बारा केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइडचं मलम लावत होते, आणि त्यांतले कितीतरी जण ते निव्वळ गोरेपणाचं क्रीम म्हणून लावत होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केला. नियम झाला तरी ट्यूब हातोहात फिरतच राहिली.

लाल रेषा एकट्या असत्या तर फार अडलं नसतं. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी त्या घालवणाऱ्या लेसर उपचारामागचं तत्त्व मांडलं. विशिष्ट लांबीची प्रकाशलहर निवडली तर ती रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषली जाते, तेवढी वाहिनी तापून बंद होते आणि आजूबाजूची कातडी वाचते. पण ५३२ नॅनोमीटरची जी लहर रक्ताला लागू पडते, तीच मेलॅनिनही आनंदाने गिळतं. सावळ्या कातडीत मेलॅनिन मुळातच जास्त असतं आणि वांग असलेल्या गालावर तर ते वाहिनीच्या अगदी डोक्यावर पसरलेलं असतं. वाहिनीसाठी सोडलेली उष्णता वांगाला पोचते आणि वांग उष्णतेने चेततं. १०६४ नॅनोमीटरची लांब लहर मेलॅनिनला बरीचशी चुकवून खोल जाते, पण तिला रक्तही कमी शोषतं, म्हणून ताकद वाढवावी लागते आणि भाजण्याचा धोका वाढतो. त्यात आणखी एक गुंता आहे: वांगाच्या जागी मुळातच वाहिन्या वाढलेल्या असतात, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. दोन आजार एकमेकांच्या आधाराने उभे असतात, आणि एकाला हात लावला की दुसरा हलतो.

इथून पुढचा प्रश्न फक्त यंत्राचा राहत नाही. काय घालवायचं, काय राहू द्यायचं आणि ते ठरवायचं कुणी?

घरातून येणारं एक उत्तर ठरलेलं असतं: या वयात रूपाचं एवढं काय घेऊन बसायचं! ज्या घरांत संध्याकाळी मनाचे श्लोक म्हटले जातात, तिथे या वाक्याला समर्थांचा आधारही सापडतो. दासबोधाच्या चौदाव्या दशकात रामदास सांगतात की रूप हे अभ्यास करून मिळत नाही. जन्मजात वर्ण आणि अंगावरच्या खुणा यांवर माणसाचा इलाज चालत नाही. सोडता येतात ते अवगुण आणि शिकता येतं ते शहाणपण. शेकडो वर्षांपूर्वी सावळ्या, व्रण असलेल्या, उपेक्षित माणसाला हे ऐकून केवढा धीर आला असेल! तुझी किंमत तुझ्या कातडीवर ठरत नाही, असं कुणीतरी ठणकावून सांगत होतं. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या दशकात देहाच्या अमंगळपणाचं वर्णन आहे, आणि पहिल्या दशकात याच नरदेहाची मनापासून स्तुती आहे, कारण परमार्थ साधायचा तो याच देहाने. रामदासांना देह टाकाऊ वाटत नव्हता.

म्हणून हा उपदेश ट्यूबने चेहरा बिघडलेल्या बाईच्या तोंडावर फेकला जातो तेव्हा तो चुकीच्या जागी पडतो. रामदास बोलतात ते जन्मजात गोष्टींबद्दल. गालावरच्या त्या लाल रेषा घेऊन ती जन्माला आलेली नाही. तिच्या सावळेपणाला कमी लेखणाऱ्या जाहिराती, ‘गोरी वधू पाहिजे’ म्हणणारी स्थळं, न विचारता ट्यूब देणारा विक्रेता आणि तपासणी न करता दरवेळी तीच चिठ्ठी पुन्हा लिहिणारा हात, या सगळ्यांनी मिळून त्या रेषा काढल्या आहेत. जे माणसांनी केलं ते दुरुस्त करून मागणं हा देहाचा मोह कसा? आधी गोरं हो म्हणून मागे लागायचं आणि त्यापायी चेहरा बिघडला की वैराग्य शिकवायचं, हा अन्याय आहे. तो अन्याय धर्माच्या नावावर होतो, म्हणून जास्त टोचतो.

दुसरं उत्तर कर्माचं असतं: तुझंच काहीतरी चुकलं असणार, ते भोगायचं. अष्टांगहृदयात वाग्भटाने वांगाची, म्हणजे तिथल्या ‘व्यंगा’ची, कारणं देताना शोक आणि क्रोध यांची नावं घेतली आहेत. आजचं वैद्यक ऊन, संप्रेरकं, गरोदरपण आणि आनुवंशिकता पुढे ठेवतं. शोकाचा उल्लेख वाचून कुणी बाईलाच दोषी धरू नये; सोसणाऱ्या बायकांच्या चेहऱ्याकडे त्या वैद्यांनी नीट पाहिलं होतं, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. आणि कर्माचा मुद्दा निघालाच, तर चरकसंहितेच्या विमानस्थानात त्याचं उत्तर आहे. दैव आणि पुरुषार्थ यांत जे बलवान, ते दुसऱ्याला मागे सारतं, असं चरक म्हणतो. प्रयत्न करायचाच नाही, असं तो कुठेही म्हणत नाही.

चरकाची खरी मदत मात्र सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात होते. तिथे रोगांचे चार वर्ग आहेत: सहज बरे होणारे, कष्टाने बरे होणारे, याप्य, आणि ज्यांवर उपायच चालत नाही ते. आयुर्वेद शिकणाऱ्या कुणालाही हे चार वर्ग तोंडपाठ असतात. याप्य म्हणजे जो पुरता जात नाही, पण नीट पथ्यपाण्याने ताब्यात राहतो. याप्याच्या उपचाराला सुश्रुताने पडू पाहणाऱ्या घराला लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. सदाशिव पेठेत ती समजावून सांगावी लागत नाही. भिंत फुगलेल्या वाड्याला रस्त्याच्या बाजूने तिरके लाकडी वासे लावलेले असतात, खाली दगडाची पाचर असते, आणि आत माणसं राहत असतात, स्वयंपाक होत असतो, मुलं शाळेला जात असतात. वासा काढून पाहायची हौस कुणी करत नाही.

वांग याप्य आहे. आजच्या भाषेत ते दीर्घकालीन आणि पुन्हा पुन्हा उलटणारं आहे. लाल रेषा साध्य, म्हणजे बऱ्या होण्यासारख्या, आहेत. एकाच गालावर हे दोन वर्ग शेजारी आले की साध्याला हात घालताना याप्याचा टेकू सरकणार नाही, हे पाहावं लागतं. यातून उपचाराचा क्रम ठरतो आणि या क्रमात धीर लागतो. आधी ट्यूब सोडवायची, तीही डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने. मग उजेडापासून जपायचं. पुण्यातला स्कूटरवरचा स्कार्फ चांगलाच, पण पातळ कापडातून उजेड आत येतो, आणि दिसणारा उजेडही सावळ्या कातडीत वांग गडद करतो. रंगहीन सनस्क्रीन त्याला अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं क्रीम बरंच अडवतं. काहींना डॉक्टर ट्रानेक्झॅमिक ॲसिड देतात. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने रक्तस्राव थांबवण्यासाठी शोधलेलं हे औषध पुढे वांगालाही लागू पडताना दिसलं. पण रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना ते चालत नाही. काही महिने वांग शांत राहिलं, तर कडेच्या एका लहानशा जागी लेसरची चाचणी घ्यायची, थांबायचं, डाग पडत नाही ना ते पाहायचं, आणि मगच पुढे जायचं. नाकपुडीच्या रेषा बहुधा आधी घेता येतात, कारण तिथे वांग सहसा नसतं. गालावरच्या काही तशाच ठेवाव्या लागतात.

ठेवाव्या लागतात, हे वाक्य जड आहे. आणि इथेच रामदासांचं म्हणणं त्याच्या योग्य जागी येऊन बसतं. करण्यासारखं सगळं करून झाल्यावर जे उरतं, त्याच्याशी भांडून सुखाचे दिवस घालवू नयेत. पण ते उरलेलं किती, हे प्रयत्नाआधी दुसऱ्या कुणी परस्पर ठरवू नये. सासूने नाही, नवऱ्याने नाही, लेसरचं पॅकेज विकणाऱ्याने तर नाहीच.

चरकाने वैद्यालाही सोडलेलं नाही. असाध्य रोग बरा करायला घेणाऱ्या वैद्याचं धन, विद्या आणि यश तिन्ही जातं, असं त्याच दहाव्या अध्यायात बजावलं आहे, आणि याप्य रोग त्याने असाध्याच्याच अर्ध्या भागात धरला आहे. याप्य रोग पुरता घालवून देतो म्हणणाऱ्या आजच्या दवाखान्यांनाही हे लागू पडतं. सहा बैठकांचे पैसे एकदम घेऊन मग ‘तुमची कातडीच अशी आहे’ म्हणणं ही फसवणूक आहे. कोणत्या रेषा जातील, कोणत्या ठेवाव्या लागतील आणि वांगाची काळजी वर्षानुवर्षं घ्यावी लागेल, हे त्या बाईला पहिल्याच भेटीत, पावती फाडण्याआधी, तिच्या भाषेत सांगायला हवं. त्यानंतर ती नाकाच्या रेषा काढून घेईल, सगळ्या ठेवील, किंवा वर्षभर थांबून पुन्हा येईल.