परवडणारी, पण कोणाला?

उंबरमाळीहून लोकल पकडून मी कोड लिहायला जातो. त्या कोडवर हक्क कंपनीचा, मला पगार. त्यामुळे पेटंटवाल्यांची बाजू मला आपसूक पटते. अडतो तो एका औषधापाशी.

बायरचं नेक्सावार, यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं. २०१२ मध्ये महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडायचं. हैदराबादच्या नॅटकोने ते बनवायचा परवाना मागितला, बायरने दिला नाही. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी सक्तीचा परवाना दिला : किंमत ८,८८० रुपये, बायरला विक्रीवर ६ टक्के; अपिलात ७ झाले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

बायर म्हणे, फसलेल्या संशोधनाचा खर्चही याच किमतीतून काढायचा असतो. खोटं नाही ते. पण कायद्यात रास्त, परवडणारी किंमत म्हटलंय. ती कोणाला परवडावी, हे मक्तेदारानेच ठरवायचं? आणि ही २० वर्षांची मक्तेदारी तरी त्याला दिली कोणी? आपणच ना!

घरी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आणि ते आठ हजार तरी दर महिन्याला कुठून आणायचे?"