चालण्याआधीचा वेदान्त

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळे व्यापार आणि पाचवं दैव. कर्ता या यादीत आहे, पण पाचांतला एक म्हणून. शंकराचार्य दैवाचा अर्थ लावतात तो इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, जसा डोळ्याला सूर्य. टिळक गीतारहस्यात वेगळ्या वाटेने जातात. माणसाच्या प्रयत्नाला सृष्टीच्या ज्या व्यापारांची जोड लागते, त्यांतले त्याला ठाऊक नसलेले ते दैव, असा त्यांचा रोख आहे. मी जन्मभर मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवली, त्यामुळे मला टिळकांचा अर्थ जवळचा वाटतो. माणसाला ठाऊक नसलेले व्यापार हाच माझा पगारी विषय होता.

साधं जिना चढणं घ्या. वर पोचल्यावर आपण म्हणतो, ‘मी चढले.’ यात मी काय केलं? पाय उचलायचं ठरवलं आणि उचलला. बाकीचं सगळं परस्पर झालं. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फेकतं आणि त्यातलं जेमतेम पंचमांश स्नायूंच्या वाट्याला येतं. धडधाकट माणूस जोरात पळाला की तेच हृदय 20 ते 25 लिटरपर्यंत जातं आणि त्यातलं 80 टक्क्यांच्या आसपास राबणाऱ्या स्नायूंकडे वळतं. आतड्यांचा आणि मूत्रपिंडांचा वाटा तेवढ्यापुरता आखडतो. ही वाटणी मी केली नाही. करायची म्हटली असती तर पहिल्या पायरीवरच गोंधळ झाला असता.

आमच्या वेळी हे दाखवायला प्रॅक्टिकलला बेडूक असायचा. गुंगी दिलेल्या बेडकाचं पाऊल ओलं ठेवायचं, बोटांमधला पातळ पडदा भोक पाडलेल्या फळीवर ताणायचा, खालून उजेड सोडायचा आणि वरून सूक्ष्मदर्शक लावायचा. आधी काळे, चांदणीसारखे रंगपेशींचे डाग दिसतात. मग नजर बसली की केशवाहिन्या दिसतात आणि त्यांतून एकामागून एक जाणाऱ्या लांबट तांबड्या पेशी. दुफाट्यावर एखादी पेशी अडकते, अर्धी इकडे अर्धी तिकडे अशी दुमडून लोंबते. मागून दुसरी येते, धक्का बसतो आणि पहिली एका फाट्यात घसरते. एका मुलीने डोळा न काढताच विचारलं होतं, ‘‘मॅडम, हिला कुठे जायचं ते कोण सांगतं?’’ मी म्हटलं, ‘‘कुणीच नाही. जिकडे ओढ जास्त, तिकडे ती जाते.’’

माणसाच्या स्नायूत हेच घडतं. केशवाहिनीची रुंदी 5 ते 10 मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरचा शंभरावा भाग. तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची, तेव्हा बऱ्याच ठिकाणी तिला अंग चोरूनच जावं लागतं. प्राणवायू तिच्यातून सुटतो, वाहिनीची एका पेशीइतकी पातळ भिंत ओलांडतो आणि शेजारच्या स्नायुतंतूत उतरतो. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांनी प्राण्यांच्या रक्तात शाई सोडून विश्रांतीतल्या आणि राबलेल्या स्नायूंतल्या केशवाहिन्या मोजल्या. राबलेल्या स्नायूत रक्त वाहणाऱ्या वाहिन्या कितीतरी जास्त भरल्या. या कामासाठी त्यांना 1920 चं नोबेल मिळालं. पुढच्या संशोधकांनी त्या चित्रात दुरुस्ती केली. विश्रांतीतही बहुतेक केशवाहिन्यांतून थोडं रक्त चालू असतं, कामाच्या वेळी त्याचा वेग आणि भर वाढतो, असं आज मानतात. पण मूळ गोष्ट टिकली: पुरवठा कामाप्रमाणे वाढतो.

तो वाढवतं कोण, हा माझ्या दृष्टीने यातला खरा तात्त्विक प्रश्न. शेतात दारं धरणारा माणूस बांधावर उभा राहून कुठल्या वाफ्याला पाणी सोडायचं ते ठरवतो. इथे वाफाच आपलं दार उघडतो. केशवाहिन्यांच्या अलीकडे धमनिका असतात आणि त्यांच्या भिंतीत आवळणारे-सैलावणारे स्नायू असतात. मांडीचा स्नायू राबू लागला की त्यातून पोटॅशियम, ॲडेनोसिन, आम्ल असे पदार्थ बाहेर झिरपतात आणि त्यांच्यामुळे जवळच्या धमनिका सैल पडतात. त्याच वेळी रक्तदाब कोसळू नये म्हणून मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत उलटा हुकूम सुटलेला असतो: आवळा. आतडी, मूत्रपिंडं तो पाळतात. राबणारा स्नायू तो बराचसा धुडकावतो. क्रोग यांचे गुरू क्रिस्टियान बोर यांनी सहकाऱ्यांबरोबर 1904 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. जिथे कार्बन डायऑक्साइड जास्त, तिथे हिमोग्लोबिनची प्राणवायूवरची पकड ढिली होते. म्हणजे ज्याने काम करून कचरा केला त्याच्याच दारात माल उतरतो. बसल्या जागी रक्त आपल्या प्राणवायूतला पाव हिस्सा देऊन परततं, राबत्या स्नायूला तीन चतुर्थांशही देतं.

हे सगळं मी आमच्या गीतावर्गात सांगितलं, तेव्हा तिथे आलेले एक प्रवचनकार खूश झाले. तांबड्या पेशीत प्राणवायू वापरणारे मायटोकाँड्रिया नसतात, त्यामुळे ती जो प्राणवायू वाहते त्यातला कणही स्वतःसाठी वापरत नाही, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘वा! हाच निष्काम कर्मयोगी!’’ वर्गाने माना डोलावल्या. मला ते पटलं नाही. जिला प्राणवायू वापरताच येत नाही तिने तो न वापरण्यात कसला त्याग? निष्काम व्हायला आधी कामना असावी लागते. निसर्गात सोय दिसली की तिला सद्गुणाचं नाव देण्याची घाई आपल्याला फार. त्याने विज्ञान बिघडतं आणि अध्यात्मही स्वस्त होतं.

या सगळ्यातून जो दुसरा निष्कर्ष निघतो, तो मात्र मला जास्त घातक वाटतो. आमच्या शेजारच्या काकांच्या पायाची धमनी अरुंद झाली आहे. आयुष्यभराच्या विड्यांनी त्याला हातभार लावला. थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की उतरते. मागणी वाढली पण पुरवठा वाढू शकला नाही, एवढाच त्या दुखण्याचा अर्थ. डॉक्टरांनी विडी बंद करायला आणि चालायला सांगितलं. दुखू लागेपर्यंत चाला, चांगलं दुखलं की थांबा, ओसरलं की पुन्हा निघा. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा, निदान 12 आठवडे. काका चालेनात. मी हटकलं तर म्हणाले, ‘‘ताई, वर्गात तुम्हीच सांगितलंत ना, कर्ता आपण नाही म्हणून? त्याच्या मनात येईल तेव्हा होईन बरा.’’

मी म्हटलं, ‘‘काका, मी पाच कारणं सांगितली होती. तुम्ही एक वजा करून चारच धरलीत.’’

त्यांच्या पोटरीचंच उदाहरण त्यांना दिलं. चालण्याने मुख्य धमनी रुंद होत नाही. पण नियमित राबणाऱ्या स्नायूत केशवाहिन्यांची संख्या वाढते, आलेला प्राणवायू स्नायू जास्त चांगला वापरतो आणि तेवढ्याच रक्तावर माणूस जास्त अंतर जातो. बसवून ठेवलेल्या पोटरीला यातलं काही मिळत नाही. टिळकांच्या अर्थाने इथे दैव आहे, भरपूर आहे, पण ते येतं प्रयत्नाच्या मागून. (बसल्या जागी पाय दुखत असेल किंवा जखम भरत नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे सर्जन गाठायचा.)

कट्टर अद्वैती यावर विचारील, पाय उचलायचा हा निर्णय तरी तुझा कशावरून? तोही मेंदूतल्या पेशींचाच व्यापार. बरोबर आहे, आणि त्या वादाचा निकाल माझ्या विषयात लागत नाही. पण निर्णय प्रकृतीचा म्हटला तरी तो घडावा लागतोच. ‘माझा नाही’ म्हटल्याने तो घेतल्यासारखा होत नाही. ज्या अध्यायात कर्त्याला पाचांतला एक म्हणून बसवलं, त्याच अध्यायाच्या शेवटाकडे कृष्ण अर्जुनाला सांगतो की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. अर्जुनाच्या हातात काहीच नसतं, तर एवढे अध्याय खर्ची घालून शेवटी हे सांगायचं कारण नव्हतं.

म्हणून प्रवचन करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. अकर्तेपण श्रेयाच्या बाजूने सांगा, श्रमाच्या बाजूने नको. जो गड चढून आला आणि छाती पुढे काढून उभा आहे, त्याला जरूर सांगा की यातलं बहुतेक तुझ्या नकळत झालं, तेव्हा जरा नम्र हो. पण जो पायथ्याशीच बसून आहे, त्याला तेच ऐकवू नका. त्याला आधी उठायला सांगा.