फुली

जरा बसा.

पाठ टेकवा, हात मांडीवर सैल सोडा. श्वास आत येतो आहे, बाहेर जातो आहे. त्याला त्याच्या चालीनं चालू द्या.

आता डोळ्यांपुढे एक पान आणू या.

इंग्लंडच्या उत्तरेकडचा लँकेशर परगणा. तिथलं प्रेस्टन, कापडगिरण्यांचं शहर. त्या शहरातल्या एका चर्चमधली लग्नांची नोंदवही. साल १८५२.

हे पान कुणा एका खऱ्या घराण्याचं नाही. कष्टकऱ्यांच्या लग्नांची अशी पानं त्या काळच्या वह्यांत हजारोंनी आहेत. त्या सगळ्यांवरून आपण हे एक पान मनाशी उघडतो आहोत.

बघा.

कागद पिवळट. त्यावर छापील रकाने. १८३७ पासून सगळ्या इंग्लंडभर हेच रकाने असत. एका पानावर दोन लग्नं: एक वर, एक खाली.

खालच्या लग्नावर नजर ठेवा.

तारीख २५ डिसेंबर. नाताळ.

नाताळ हा काही मुहूर्त नव्हे. त्या दिवशी गिरणी बंद असते. बाहेर आणखी जोडपी खोळंबली आहेत. पाद्रीबाबांचं अक्षर तिरपं आहे, धावतं आहे.

घाई त्यांना आहे. आपल्याला नाही.

डावीकडून उजवीकडे सावकाश सरका.

नवऱ्याचं नाव. नवरीचं नाव. वयं. नवऱ्याचा धंदा, विणकर. नवरीच्या धंद्याचा रकाना कोरा. तीही मागावर उभी असते, सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत. रकाना तरीही कोरा.

मग वडिलांची नावं. वडिलांचे धंदे. तिचे वडील हातमागावरचे विणकर.

आता आईचं नाव शोधा.

पुन्हा एकदा शोधा.

नाही. आईसाठी रकानाच नाही. तो यायला २०२१ चा मे महिना उजाडतो.

इथं एक श्वास थांबू या. या पानावर दोन आया असायला हव्या होत्या. कदाचित त्या त्याच चर्चमध्ये, मागच्या बाकावर बसल्या आहेत.

श्वास सोडा.

आता पानाच्या तळाशी या. सह्या.

नवऱ्यानं सही केली आहे. अक्षरं सुटी सुटी, एक वर तर एक खाली. त्याच्याखाली पाद्रीबाबांच्या त्याच धावत्या अक्षरात तिचं नाव. नावाच्या आणि आडनावाच्या मधोमध एक फुली.

इथं थांबा. इथून पुढं जायची गरज नाही.

वंशावळ शोधत राजघराण्याशी नातं जोडायला निघालेले लोक या जागी फार वेळ रेंगाळत नाहीत. आपण रेंगाळू.

दोन रेघा. एक वरून तिरपी खाली उतरते. दुसरी तिला छेदून जाते. पहिल्या रेघेच्या तोंडाशी शाई दाटली आहे. टाक कागदावर टेकला आणि हात क्षणभर अडला. दुसरी रेघ बारीक, एका झटक्यात ओढलेली.

बघत राहा.

ती विणकर आहे, म्हणून उभ्या-आडव्या धाग्यांची उपमा लगेच जिभेवर येते. ती नको. फुलीला फुलीच राहू द्या.

अशी फुली काढणारी ती एकटी नाही. १८४१ च्या सुमाराला इंग्लंडातल्या जवळजवळ निम्म्या नवऱ्या आणि एक तृतीयांश नवरे नोंदवहीत फुलीच काढतात. फुलीवरून एवढंच कळतं की सही करता आली नाही, किंवा केली नाही. वाचता येत नव्हतं असं मात्र त्यातून निघत नाही. गिरणीतली मुलं रविवारच्या शाळेत जात. तिथं वाचायला शिकवत, पण देवाच्या वारी लिहायला शिकवणं अनेक शाळांना मान्य नव्हतं.

तेव्हा ती छापलेली ओळ बोट ठेवून वाचत असेल. असेल.

पुन्हा फुलीकडे या.

या पानावरचं बाकी सगळं दुसऱ्याच्या हातचं आहे. तिचं नाव दुसऱ्यानं लिहिलं, वय दुसऱ्यानं लिहिलं, राहण्याची जागा दुसऱ्यानं लिहिली. एवढ्या दोन रेघा तिच्या आहेत.

आणि त्यासुद्धा फक्त मूळ वहीत. लंडनला दर तिमाहीला जायची ती वहीची नक्कल. आज पैसे भरून सरकारी नोंदणी कचेरीतून लग्नाचा दाखला मागवला, की त्यावरची फुली असते नक्कल करणाऱ्याची. सुबक, दोन्ही रेघा सारख्या. तिथं हात अडलेला दिसत नाही.

म्हणून मूळ पान. मूळ शाई.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता त्या फुलीवरून हलकेच त्या हाताकडे जा.

कोवळाच हात आहे. वय एकवीस लिहिलं आहे. तर्जनीच्या टोकाशी कातडी घट्ट झाली आहे. तुटलेला धागा हा हात डोळे मिटूनही गाठ मारून जोडतो.

या हाताच्या मागं गिरणीत चला.

आवाज. शेकडो यंत्रमाग एकाच दालनात. कान काही ऐकू शकत नाहीत, म्हणून बाया एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलतात. ओठ मोठे मोठे हलतात, आवाज नसतो.

तिच्या हातात धोटा आहे. आतली कांडी संपली. नवी कांडी बसवायची, धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी ती धोट्याला ओठ लावते आणि श्वास आत ओढते.

तुम्हीही श्वास आत ओढा.

धागा येतो. धाग्याबरोबर सुताची बारीक धूळही येते, खळीची चव येते.

श्वास सोडा.

दिवसभर, कांडी संपेल तेव्हा, पुन्हा तोच श्वास. या श्वासाची नोंद कुठल्याच वहीत नाही.

इथं थोडं बसू या.

आता ती वही मिटा. दुसरी उघडा, जनगणनेची.

रविवार, ७ एप्रिल १८६१. त्या रात्री कोणत्या घरात कोण होतं, हे सरकारला हवं आहे. सोमवारी गणनेचा माणूस दारोदार फिरून कागद गोळा करतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तोच लिहून घेतो. मग सगळं आपल्या वहीत उतरवतो. घराघरांतले कागद पुढे नष्ट होतात. उरते त्याची वही.

ओळी बघा. सहा ओळी, एक घर.

नवरा. बायको, आणि या खेपेला तिच्यापुढे धंदा लिहिला आहे: यंत्रमाग, सुती विणकाम. मुलगी, सात वर्षांची, शाळेत. पुढच्या वर्षी ती अर्धा दिवस गिरणीत जाऊ शकेल. कायदा आठव्या वर्षापासून तशी मुभा देतो. मुलगा पाच. धाकटा मुलगा दोन. सगळ्यात खाली एक पोटभाडेकरू, जन्म आयर्लंड.

वयांवरून पेन्सिलीच्या जाड रेघा गेल्या आहेत. लंडनच्या कचेरीतले कारकून मोजत गेले आणि रेघ मारत गेले. मुलाचा आकडा पाच आहे की आठ, नीट लागत नाही. डोळे बारीक करून बघा. लागला नाही तर राहू द्या.

त्या रात्रीचं घर ऐका.

सहा माणसांचे श्वास. कुणीतरी खोकतं. चुलीतला कोळसा विझत आला आहे. पहाटे एक माणूस लांब काठीनं खिडकीवर टकटक करत जाईल. लोकांना उठवण्याचेच त्याला पैसे मिळतात. त्याला अजून वेळ आहे.

ऐकत राहा.

पाच दिवसांनी, १२ एप्रिलला, अमेरिकेत फोर्ट समटरवर तोफा डागल्या जातात. लँकेशरचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येतो, गुलामांच्या हातांनी वेचलेला. तिथं यादवी युद्ध पेटतं, दक्षिणेतली बंदरं अडवली जातात, कापूस थांबतो. १८६२ च्या अखेरीला या भागातली सुमारे पाच लाख माणसं मदतीवर जगत आहेत.

गिरणी ऐका. आवाज नाही.

मग दुसऱ्या देशाचा कापूस येऊ लागतो. खानदेशातला, वऱ्हाडातला, गुजरातेतला. बैलगाड्यांतून, मुंबई बंदरातून. लँकेशरात त्या सगळ्याला सुरती म्हणतात आणि नाक मुरडतात. त्याचा तंतू आखूड, धागा सारखा तुटतो. तुटेल तेवढं विणकाम कमी, विणकाम कमी तेवढी मजुरी कमी. धाग्याला खळही जाड लागते, त्यात पांढरी चिनी माती मिसळतात. तीही त्या श्वासाबरोबर आत जाते.

मुंबईत मात्र त्याच कापसानं पैशाचा पूर आला आहे. तो १८६५ ला ओसरेल आणि अनेकांना बुडवून जाईल. ती गोष्ट वेगळी.

आपण धाग्याशी राहू.

वऱ्हाडात कुणा बाईनं बोंडातून हा कापूस वेचला. प्रेस्टनमध्ये कुणा बाईनं त्याचा तुटका धागा जोडला. एकाच तंतूवर दोघींची बोटं. यातली दुसरी फुलीपुरती का होईना, वहीत आहे. पहिलीला वहीच मिळाली नाही.

तिच्यासाठी एक श्वास.

आणखी एक.

आता तिसरी वही. ही मृत्यूंची आहे.

१८६३, फेब्रुवारी. वय चार. कारण, गोवर. विणकराचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी जनगणनेत जो दोन वर्षांचा होता, तोच.

शेवटून तिसऱ्या रकान्याकडे या. खबर कुणी दिली? तिनं. नावापुढे लिहिलं आहे, मृत्यूवेळी हजर. आणि तिथं पुन्हा फुली.

बघा.

दहा वर्षांनंतरची फुली. त्याच हाताची. या वेळी टाक अडलेला नाही, शाई दाटलेली नाही. दोन रेघा, सरळ.

या रेघांत दुःख शोधू नका. शाईत ते दिसत नाही. दिसतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तिला कचेरीपर्यंत चालत जावं लागलं, समोरच्यानं विचारलं ते सांगावं लागलं, मग दाखवलेल्या जागी टाक टेकवावा लागला. एवढं कळतं.

एवढ्यावर थांबा.

श्वास आत. श्वास बाहेर.

१८६६ च्या जन्मनोंदींत त्याच घरात एक मुलगा आहे. नाव तेच, गेलेल्याचं. तेव्हा तिकडे ही रीतच होती. घराण्याचा शोध घेणारा माणूस एकच नाव दोनदा बघून गोंधळतो, एकाला खोडायला निघतो. दोघेही असू द्या. पहिलाही, दुसराही.

आता मोठी उडी.

२ एप्रिल १९११. पुन्हा जनगणना. या खेपेचे घराघरांतले कागदच जपून ठेवले गेले आहेत, नक्कल नाही. म्हणजे समोरचं अक्षर घरातल्याच कुणाचं तरी.

ती आता एकोणऐंशी वर्षांची आहे. विधवा. मुलीकडे राहते. कागद जावयाच्या नावाचा आहे; अक्षर मात्र गोल, शाळेत गिरवलेलं. १८७० च्या कायद्यानंतर गावोगाव शाळा झाल्या, त्या पिढीतलं.

तिच्या ओळीवर या.

या वर्षी नवे रकाने आहेत. लग्नाला किती वर्षं झाली. मुलं किती जन्मली. हयात किती. वारली किती. प्रश्न आहे तो नवरा हयात असलेल्या बायकांना. विधवांनी तो सोडून द्यायचा.

तिच्या ओळीत आकडे आहेत.

आठ. तीन. पाच.

त्यांच्यावरून तांबड्या शाईची रेघ गेली आहे. कचेरीतल्या कारकुनानं नियमाप्रमाणे ते खोडले. रेघ बारीक आहे. खालचे आकडे वाचता येतात.

वाचा. आठ. तीन. पाच.

टेबलाशी कागद घेऊन बसलेल्या कुणीतरी तिला विचारलं असणार. आणि तिनं मोजलं असणार, बोटांवर किंवा मनात.

आपणही मोजू. आपल्याला गोवरानं गेलेला एक माहीत आहे. आणखी दोघांच्या मृत्यूच्या नोंदी मिळतात. म्हणजे तीन. तिनं पाच सांगितले आहेत.

दोन उरली. ती कुठल्याही जनगणनेत नाहीत. दोन मोजण्यांच्या मधल्या दहा वर्षांत आली आणि गेली. हा खोडलेला पाच नसता, तर ती होती हेही कुणाला कळलं नसतं.

तेव्हा जन्मांची सूची उघडा. सरकारी नोंदणी कचेरीनं नव्यानं केलेल्या सूचीत मुलापुढे आईचं माहेरचं आडनाव आहे. तेच धरून शोधायचं. १८७५ पर्यंत नोंद चुकवली तरी आईबापांना दंड नव्हता, म्हणून इथं मिळाली नाहीत तर बाप्तिस्म्याच्या वह्या, तिथं नाही तर दफनाच्या.

१८६१ पासून सुरुवात करा. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. एकेक तिमाही.

सावकाश.