मारण्याची इच्छा, मारण्याची गरज

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो अनुयायांना धम्मदीक्षा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं शरीर मधुमेहाने पोखरलेलं होतं. दोन महिन्यांच्या आतच ते गेले. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये त्यांनी केलेली अहिंसेची उकल आता मधुमेहाच्याच एका प्रकारावरच्या नव्या उपचाराला लावून पाहावी अशी आहे.

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी २०१४ मध्ये भ्रूणाच्या मूलपेशींपासून अशा पेशी घडवल्या. त्यांच्या दोन्ही मुलांना हाच आजार. मात्र या मूलपेशी मुळात काढताना जेमतेम पाच दिवसांचा भ्रूण संपतो. मग प्राणिहत्या न करण्याचं शील घेतलेल्याने काय करावं?

बौद्ध परंपरेचं उत्तर कडक आहे: गर्भधारणेपासूनच तो माणूस. बाबासाहेब मात्र अहिंसेला नियम मानत नाहीत, तत्त्व मानतात. केवळ मारायचं म्हणून मारणं वेगळं, गरजेपोटी मारणं वेगळं.

भ्रूणाचा पेच तर सुटतही चालला आहे. चीनमध्ये २०२३ साली एका तरुणीच्या स्वतःच्या चरबीतल्या पेशींपासून बीटा पेशी बनवून तिच्या पोटाच्या स्नायूंजवळ सोडल्या; ७५ दिवसांनी तिचं इन्सुलिन सुटलं. पण यकृत प्रत्यारोपणामुळे ती आधीपासूनच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत होती; त्यांच्याशिवाय या पेशी टिकल्या असत्या का, हे त्यातून कळत नाही. इतरांच्या पेशी घेणाऱ्यांना सहसा ही औषधं घ्यावी लागतात, आणि त्यांच्यामुळे साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणजे हिंसेचा हिशेब भ्रूणापाशी थांबत नाही, रुग्णापर्यंत येतो.

आणि गरज कोणाची? १९२१ मध्ये सापडलेलं इन्सुलिन आजही विदर्भातल्या गरीब घरांना परवडत नाही. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट १९९५ पासून अशा घरांतल्या मधुमेही मुलांना ते पुरवतो. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांचा, आणि फ्रीज नसेल तर कुपी गार ठेवायला मातीचं मडकं. पेशींवरचा वाद रंगण्याआधी ही कुपी पोहोचायला हवी. गरजेचं माप लावलं तर क्रम असाच लागतो.

‘मूलपेशींनी साखर कायमची जाईल’ असं सांगून कोणी लाखभर रुपये मागितले, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पुढे करा: मधुमेहासाठी मूलपेशी नोंदणीकृत चाचणीबाहेर वापरणं त्यांत अनैतिक ठरवलं आहे. चाचणीचा सीटीआरआय (भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणी) क्रमांक मागा, आणि तोवर मुलाचं इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका.