आवडीनिवडीचे बारा प्रश्न

नवरात्रोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आमच्या देवळातील तरुण मंडळींनी यंदा एक नवी टूम काढली. प्रत्येक सेवेकऱ्याकडे त्यांनी बारा प्रश्नांचा एक कागद धाडला. आवडता पदार्थ कोणता, आवडता ऋतू कोणता, कोणता दुर्गुण आपण चटकन क्षमा करता, आपले आदर्श पुरुष कोण, आणि सर्वांत शेवटी, आपण देवळाच्या सेवेत का आलात? कागद आणून देणारा मुलगा म्हणाला, “काका, गंमत म्हणून भरा. फार विचार करू नका.”

मी खरोखरच फार विचार केला नाही. पाच मिनिटांत कागद भरून टाकला. आवडत्या पदार्थापुढे ‘सात्त्विक आहार’ असे लिहिले. वास्तविक सारे बेळगाव जाणते की मला कुंदा आवडतो, आणि तोही पावशेराच्या खाली नव्हे. आदर्श पुरुषाच्या रकान्यात एक थोर ऐतिहासिक नाव घातले. शेवटच्या प्रश्नापुढे ‘निष्काम कर्म’ हे दोन शब्द लिहून खाली सही ठोकली. मग वाचून पाहिले, तेव्हा हा कागद कोणा अत्यंत कंटाळवाण्या आणि मला सर्वस्वी अपरिचित अशा गृहस्थाने भरला असावा असे वाटले.

ही टूम नवी म्हटली खरी, पण ती तशी नवी नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी घरांत अशा प्रश्नांच्या वह्या ठेवण्याची रीतच होती. पाहुण्याने आपल्या आवडीनिवडी त्यांत लिहावयाच्या. १८६५ साली कार्ल मार्क्ससारख्या गंभीर पुरुषाने आपल्या मुलींच्या हौसेखातर अशी उत्तरे लिहून दिली. त्यांत त्याने आपले आदर्श म्हणून बंडखोर गुलाम स्पार्टाकस आणि ज्योतिर्विद केप्लर ह्यांची नावे घातली. मार्सेल प्रूस्त ह्या फ्रेंच कादंबरीकाराने किशोरवयात एका मैत्रिणीच्या वहीत दिलेली उत्तरे तर इतकी गाजली की तसल्या प्रश्नावलीला पुढे त्याचेच नाव पडले. आपल्याकडेही डोहाळजेवणात गर्भवतीला काय खावेसे वाटते हे विचारण्यात हीच गंमत आहे. प्रश्न हलका, पण विचारणाऱ्याला मनुष्य आतून पाहावयाचा असतो.

ह्या संदर्भात आपल्या बेळगावातीलच एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. १८९२ च्या ऑक्टोबरात कोल्हापूरहून एक तरुण बंगाली संन्यासी येथे आला आणि सदाशिवराव भाटे ह्या वकिलांच्या घरी उतरला. शिकागोची धर्मपरिषद अद्याप वर्षभर दूर होती. स्वामी विवेकानंद हे नाव गावाला ठाऊक नव्हते. रिसालदार गल्लीत आज त्यांचे स्मारक आहे. त्या वेळी मुलगा असलेले, पुढे प्राध्यापक झालेले भाटे ह्यांनी आपल्या आठवणींत ते दिवस वर्णिले आहेत. पाणिनीची अष्टाध्यायी घोकणारा हा मुलगा पाठ म्हणताना अडखळला की स्वामी हसून त्याची चूक दुरुस्त करीत. पण घरातील मंडळींना धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. संन्याशाने आल्या आल्या पानसुपारी मागितली, आणि त्यापाठोपाठ चक्क खाण्याची तंबाखू!

सोवळ्यातल्या मंडळींना हे कसे पटावे? प्रश्न सुरू झाले. स्वामींनी उत्तर दिले ते असे: आपण कलकत्त्याचे पदवीधर, मौजी वृत्तीचे तरुण होतो; श्रीरामकृष्णांच्या सहवासाने आयुष्य पालटले; तथापि काही सवयी सुटल्या नाहीत, आणि त्यांना विशेष महत्त्व नाही म्हणून त्या तशाच राहू दिल्या. मांसाहारी की शाकाहारी, ह्यावर ते म्हणाले की परमहंस संन्याशाला ह्यात निवडच नसते; जे कोणी वाढील ते खावयाचे, न मिळाल्यास उपाशी राहावयाचे. अहिंदूंकडचे अन्न घ्याल काय, असे विचारताच, मुसलमानांकडे अनेकदा जेवलो आहे, असे त्यांनी सांगून टाकले. १८९२ सालच्या ब्राह्मण घरात, यजमानाच्या ओसरीवर बसून!

(आमच्या निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांनी मात्र हा प्रसंग चौकट करून दुकानात टांगू नये. जिला स्वामींनी क्षुल्लक मानले ती सवय तशी क्षुल्लक नाही, हे आज वैद्यकाने पुरते सिद्ध केले आहे. येथे तंबाखूचे समर्थन नसून उत्तराचे आहे.)

त्या उत्तरात मला विशेष वाटते ते धाडस नव्हे. तंबाखूची आवड लपविली असती तर यजमानांचा आदर वाढला असता. तिला काही गूढ आध्यात्मिक अर्थ चिकटविला असता तर कदाचित त्याहूनही वाढला असता, कारण साधूच्या दुबळेपणाला लीला म्हणण्यास आपण नेहमीच उत्सुक असतो. त्यांनी दोन्ही केले नाही. सुटलेले कोणते आणि न सुटलेले कोणते, एवढे निवडून समोर ठेवले. भाटे लिहितात की ह्या खुलाशाने घरची मंडळी अगदी निरुत्तर झाली.

ह्यावर कोणी म्हणेल, थट्टेतल्या प्रश्नाला एवढे सत्य कशाला? न्यायालयातील शपथ निराळी, स्मरणिकेतील कागद निराळा. शिवाय आदर्श पुरुषाचे नाव घेताना मनुष्य स्वतःचे वर्णन करीत नसतो. आपल्याला कोठे पोहोचावेसे वाटते ते सांगत असतो, आणि तसे सांगण्यात खोटे काय? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. आदर्शाच्या रकान्यात आकांक्षा लिहावी. पण ‘का आलात’ हा प्रश्न आकांक्षेचा नाही, घडलेल्या गोष्टीचा आहे. आणि ‘माझे कर्म निष्काम आहे’ हे वाक्य तर असे आहे की ते छापून यावे ही इच्छा धरताक्षणीच ते खोटे ठरते.

तरीही मी एक सवलत ठेवीन. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणे बंधनकारक नाही, कारण विचारणाऱ्याचेही काही देणे लागते. रघुवंशाच्या चौदाव्या सर्गात राम गरोदर सीतेला प्रेमाने विचारतो, तुला काय हवेसे वाटते? ती निष्कपटपणे सांगते, भागीरथीच्या तीरावरील तपोवने पुन्हा पाहावीशी वाटतात. पुढे लोकापवाद कानी येतो, आणि त्याच डोहाळ्याचे निमित्त करून लक्ष्मण तिला रथात बसवून अरण्यात नेऊन सोडतो. राजधर्माची चर्चा आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलो. पण विश्वासाने सांगितलेली आवड अशी वापरली गेली, ह्याचे शल्य मला त्यागापेक्षाही अधिक वाटते. ज्याला उत्तर सांभाळता येणार नाही त्याने प्रश्न विचारू नये, आणि त्याच्यापाशी मौन पाळणाऱ्याला खोटारडा म्हणू नये. मौन आणि मुखवटा ह्यांत अंतर आहे. मी कागदावर मौन पाळले नव्हते.

वनपर्वातील यक्षप्रश्न आपण पाठांतराचा विषय करून टाकला आहे. यक्ष विचारतो, युधिष्ठिर सांगतो. उत्तरे सुंदर आहेत, पण ती विद्वानाची उत्तरे आहेत. युधिष्ठिराला उद्देशून असलेला खरा प्रश्न शेवटी येतो: ह्या मेलेल्या भावांपैकी एकच उठवितो, कोण हवा? भीम नाही, अर्जुन नाही, तो नकुल मागतो. कुंतीचा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा. पुढे युद्ध उभे असता असा भाऊ निवडणे! तोवरच्या साऱ्या उत्तरांची परीक्षा त्या एका निवडीत झाली.

भावाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्या सेवेकऱ्यांत एक वृद्ध मावशी आहेत. फुले निवडतात, वाती वळतात. शेवटच्या प्रश्नापुढे त्यांनी कोंकणीत एकच ओळ लिहिली: “घरांत मन रमना, म्हणून येतां.” तो कागद मी पाहिला आणि माझा परत मागून घेतला.

कारण मीही तसाच आलो. वडील वारल्यावर निपाणीकडील शेताच्या वाटणीवरून दादाचे व माझे बिनसले. दोष कोणाचा हे आज सांगण्यात अर्थ नाही. पुष्कळसा माझा होता. मी बेळगावास बिऱ्हाड केले. संध्याकाळी घरात बसले की तोच विषय डोक्यात फिरे, म्हणून दिवेलागणीला देवळात जाऊ लागलो. आरतीला उभा राहिलो, मग हिशेब लिहू लागलो, मग लोक सेवेकरी म्हणू लागले. अकरा वर्षे झाली. ह्या अकरा वर्षांत भक्ती आली नाही असे मी म्हणणार नाही; पण ती मागून आली, पाहुण्यासारखी. मी आत शिरलो तो भांडणापासून पळत.

आणि आदर्श पुरुष? थोर नावे मी सभेत घेतो. परंतु सातव्या वर्षी वेदगंगेच्या पात्रात माझ्या पोटाखाली हात धरून, “सोडत नाही, घाबरू नकोस,” असे म्हणत ज्याने मला पोहावयास शिकविले, त्याच्यासारखे व्हावे असे जेवढे वाटले तेवढे पुढे कोणासारखेच वाटले नाही.

नवा कागद मी काल रात्री भरला. पदार्थापुढे कुंदा लिहिला. बाराव्या प्रश्नापुढे मावशींच्याहून थोडे लांब, पण त्याच अर्थाचे वाक्य लिहिले. आदर्शाच्या रकान्यात दादाचे नाव घातले आणि शाई वाळेपर्यंत बसून राहिलो. मुलगा गुरुवारी कागद नेण्यास येणार आहे. स्मरणिकेच्या प्रती निपाणीच्या घरीही जातात.