जिज्ञासा की तोंडाळपणा?

निरूपण चालू असता पुरुष श्रोत्याने मध्येच शंका विचारली, तर तो अभ्यासू ठरतो. तीच शंका बाईने विचारली, तर ती तोंडाळ ठरते. परभणी जिल्ह्यातील गावोगावच्या पारावर, आणि संकोच सोडून सांगावयाचे तर आश्रमांतूनही, हा न्याय चालतो. कृती एकच, कर्ता पालटताच तिचे नाव पालटते. असा निवाडा शास्त्राला मान्य आहे काय, हा प्रस्तुत विचार होय.

महदाइसांनी सर्वज्ञांना किती प्रश्न केले, हे लीळाचरित्राच्या वाचकास सांगणे नको. समाधान होईतो त्या पुन्हा पुन्हा विचारीत. सर्वज्ञांनी त्यास आगाऊपणा म्हटले नाही. त्यांच्या जिज्ञासेचा गौरवच केला. म्हाइंभटांनी ते संवाद जतन केले, आणि त्याच लीळांतून केशोबासांनी सूत्रे वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. ज्या प्रश्नांच्या निमित्ताने वचन प्रकटले, ते तोंडाळपणाच्या खाती जमा झाले असते, तर अभ्यासकाच्या हाती काय उरले असते?

पुढे केशोबासांनी शास्त्रविषय संस्कृतात मांडण्याचे मनात आणले, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना वारले. तसे झाल्यास म्हाताऱ्या वंचित होतील, हे कारण दिले. बायांची बुद्धी उणी म्हणून मराठी राखली, असा याचा अर्थ काही जण करतात. तो विपरीत आहे. संस्कृत त्यांना शिकविलेच जात नव्हते. दार लावून घ्यावे आणि आत न आलेल्यास मंद म्हणावे, हा कोठला विवेक? याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाई वारकरी परंपरेतील. त्यांनी नम्रतेने स्वतःस नामदेवांची दासी म्हटले, आणि लोकांनी तेच त्यांचे माप ठरविले.

आक्षेप असा येतो की, स्त्रीचे चित्रही पाहू नये असा आचारविधी आहे. मग स्त्रीच दोषास्पद नव्हे काय? येथे विधी कोणास सांगितला ते पाहावे. तो भिक्षूच्या दृष्टीस व विकारास आवर आहे. वैद्याने रोग्यास गूळ वर्ज्य केला म्हणून गुळाकडे दोष जात नाही. (दृष्टान्त एकदेशीच घ्यावा; स्त्री ही वस्तू नव्हे. अनुसरलेली बाई स्वतःच साधक आहे, आणि तिच्याही मनाला पथ्य आहेच.) स्वतःच्या विकाराचा भार दुसऱ्याच्या देहावर टाकणारा साधक विधी पाळीत नाही, तो टाळतो.

अनुसरणाच्या वेळी तर हा भेद फारच बोचतो. पुरुषाने घर सोडले की वैराग्य उपजले म्हणतात. बाई आली की पहिला प्रश्न, घरी काय बिनसले? महदाइसा बालविधवा होत्या, एवढ्यावरून त्यांचे अनुसरण निराधारपणाचे ठरविणारेही भेटतात. त्यांनी धवळे वाचलेले नसावेत. विचारावयाचेच तर हा प्रश्न दोघांनाही विचारावा. घरी बिनसले म्हणून आलेले पुरुष आश्रमांत थोडे नाहीत.