उतारवयातील विद्या

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरोघरी इतक्या सहजपणे उच्चारली जाते, की ती खरी की खोटी हे पाहण्याची गरज कोणासच वाटत नाही. आपल्या बुऱ्हाणपुरात मराठीच्या बरोबरीने हिंदी कानांवर पडते, आणि म्हातारा पोपट पढत नाही अशा अर्थाची म्हण तीतही आहे. दोन भाषांचे असे एकमत झाले, की मनुष्य विचार करण्याचे सोडून देतो. म्हणून सभासद बंधुभगिनींपुढे आम्ही एक प्रश्न ठेवू इच्छितो : उतारवयात माणसाने नवी विद्या शिकावी काय? आणि त्याने शिकू म्हटले, तर त्याची वाट अडवून उभे कोण राहते?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथांवरून सुचलेला नाही, तर स्वतःच्या एका अपराधावरून सुचला आहे. काही वर्षांपूर्वी चातुर्मासात आमचे वडील देवळात हरिविजय वाचीत असत. श्रवणास नित्य येणाऱ्या एक वृद्ध आजी एके दुपारी सभामंडप रिकामा पाहून चौरंगाजवळ बसल्या आणि ग्रंथ उघडून ओळींवरून बोट फिरवू लागल्या. ग्रंथ उलटा धरला होता. शाळा संपवून नुकतेच बाहेर पडलेले आम्ही ते पाहून हसलो. आजींनी ग्रंथ मिटला, वस्त्रात नीट गुंडाळला आणि म्हणाल्या, “आता आमचं काय राहिलंय, बाळा.” त्यानंतर त्यांनी त्या ग्रंथास कधी हात लावला नाही.

आपल्या तापीच्या काठाकाठाने खाली गेले, तर पूर्णा जेथे तिला मिळते तेथे, जळगाव जिल्ह्यात, चांगदेव नावाचे गाव व चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. त्यांची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकलेली आहे. योगबलाने चौदाशे वर्षे जगलेले चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयास बसले. आशीर्वाद लिहावा तर समोरचा ज्ञानाने थोर. नमस्कार लिहावा तर तो वयाने पोर. काय लिहावे ते न सुचून त्यांनी कोराच कागद पाठविला. इतकी वर्षे जगूनही हे कोरेच राहिले, असे तो पाहून मुक्ताबाई म्हणाली. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. त्याच चांगदेवपासष्टी म्हणून प्रसिद्ध आहेत. पुढे त्याच मुक्ताबाईला चांगदेवांनी गुरू केले.

ही कथा आपण ज्ञानेश्वर-मुक्ताबाईंचा महिमा म्हणून सांगतो. पण विचार करून पाहता, चांगदेवांची हकीकतही तितकीच मोठी आहे. तो कागद अज्ञानामुळे कोरा राहिला नव्हता, संकोचामुळे राहिला होता. ज्याला सारे जग नमस्कार करते, त्याने एका मुलीपुढे शिष्य म्हणून बसणे ही लहान तपश्चर्या नव्हे. छांदोग्य उपनिषदातही असेच आहे. प्रवाहण जैवली राजाने श्वेतकेतूला पाच प्रश्न विचारले, त्यांतील एकाचेही उत्तर त्याला आले नाही. तो पित्याकडे परत आला, तेव्हा पित्याने, मलाही हे ठाऊक नाही, असे सरळ सांगितले. आणि तो विद्वान वृद्ध स्वतः उठून राजाकडे शिकावयास गेला. पुत्रासमोर आपले अज्ञान कबूल करणारा तो पिता आम्हांस फार थोर वाटतो.

यावर कित्येक जण म्हणतील, की वानप्रस्थाचे वय हे सोडण्याचे वय आहे. त्या वयात नामस्मरण करावे, पुस्तकांचा नवा पसारा कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. केवळ भिंतीवर टांगण्यासाठी कोणी पदवी मिळवू पाहील, तर तो एक नवा मोहच होय. परंतु तरुण मनुष्य शिकतो तो बहुधा नोकरीसाठी. वृद्धाला नोकरी नको, बढती नको. त्याला हवे असते ते केवळ समजणे. फळाची आशा नसलेले कर्म श्रेष्ठ असे आपण नित्य ऐकतो. तर मग असे निरपेक्ष अध्ययन नामस्मरणाच्या आड येईल असे आम्हांस वाटत नाही. शिवाय मुले दूर गावी नोकरीस गेली, की मागे राहिलेल्यांना अन्नवस्त्राची नसली, तरी बोलण्याची उपासमार होते. चार समवयस्क व चार तरुण यांच्यासह एखादा विषय शिकणे हा त्यावर मोठा उतारा आहे.

जगात याची सोय झालेली आहे. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ मध्ये विद्यापीठानेच वृद्धांसाठी आपली दारे उघडली. तिसऱ्या वयाचे विद्यापीठ असे त्यास म्हणतात. १९८१ मध्ये इंग्लंडातील केंब्रिज येथे ती कल्पना रुजली, तेव्हा वृद्धांनीच एकमेकांस शिकवावे, परीक्षा नको, पदवी नको, असे ठरले. आपल्या देशात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये व भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ १९९१ मध्ये स्थापन झाले. घरी राहून, नोकरी वा संसार सांभाळून शिकता यावे, हाच या विद्यापीठांचा हेतू. पाटण्याच्या नालंदा मुक्त विद्यापीठातून राजकुमार वैश्य हे २०१७ मध्ये अर्थशास्त्रात एम. ए. झाले, तेव्हा त्यांनी नव्वदी केव्हाच ओलांडली होती.

ज्यांना अक्षरओळखच नाही, त्यांना विद्यापीठ दूर वाटेल. त्यांच्यासाठी ठाणे जिल्ह्यातील, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाचे उदाहरण आहे. पोथी आपल्याला स्वतः वाचता यावी, ही तेथील वृद्ध स्त्रियांची इच्छा. ती ऐकून योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठ ते नव्वद वर्षांच्या आजी गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन, दुपारी दोन ते चार शाळेत बसू लागल्या. शिकविणारी गावचीच एक सून, आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची सासूही! सुनेने सासूचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावे, यात दोघींनीही काहीतरी खाली ठेवले असले पाहिजे.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. वृद्धाची वाट त्याची दृष्टी किंवा स्मरणशक्ती अडवीत नाही. निदान आधी तरी नाही. ती अडविते आपले हसू. मुक्त विद्यापीठांचे अर्ज आता संगणकावर भरावे लागतात. आजोबा तीनदा विचारतील, चौथ्यांदा विसरतील. तेव्हा परीक्षा आजोबांची नसून नातवाची असते. ज्यांनी आपणांस बोट धरून मुळाक्षरे शिकविली, त्यांना तेवढा धीर परत देणे हे ऋण आहे, उपकार नव्हे.

त्या आजी आजही एकादशीस दर्शनाला येतात. आम्ही त्यांची क्षमा मागून, पाटी-पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवण्याचे ठरविले आहे. त्या शिकतील की नाही, हे त्यांनी ठरवावे. क्षमा मागणे मात्र आमच्याकडे लागते. दुपारी सभामंडप रिकामाच असतो. ज्या सभासद कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना शिकण्याची, किंवा तरुणांना शिकविण्याची इच्छा असेल, त्यांनी आरतीनंतर आम्हांस अवश्य भेटावे. अस्तु.